घरासाठी कुठलं काडतूस

डब्लिन, ओहायो
१६ सप्टेंबर १९८५

विनीताच्या बाबांना, मृणालिनीकडून.

खुशाली रविवारी फोनवर सांगून होतेच, तेव्हा इथे सरळ कामाचं विचारते. तळघरात तुमच्या फळीवर काडतुसांची जी खोकी आहेत, त्यातलं घरासाठी कुठलं?

हसू नका. गेल्या दिवाळीत पाहुण्यांच्या हातात फराळाच्या बश्या देऊन तुम्ही त्यांना काडतुसांवर व्याख्यान दिलं होतंत. मी आत चकल्या तळत होते, त्यामुळे माझ्या कानावर निम्मंच आलं. बारीक छर्रे पक्ष्यांना, जाड छर्रे माणसाला, आणि एकच मोठा शिशाचा गोळा असतो तो हरणाला, एवढं आठवतं. पण खोक्यांवर नुसते नंबर आहेत. बरं, नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक! मोहरीएवढ्याला आठ आणि वाटाण्याएवढ्याला दोन शून्यं, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं?

विचारायचं कारण असं, की घरात कोणीतरी येतं.

दिवसा येतं. मी ऑफिसात आणि विनीता शाळेत असताना. चोरीला काही जात नाही. माझ्या बांगड्या आहेत तिथे आहेत, टीव्ही आहे तिथे आहे. पण संध्याकाळी आले की टबाच्या कडेचा तांब्या पालथा घातलेला असतो. मी तो कधी पालथा घालत नाही. टॉवेल दमट असतो. आणि आईंच्या खोलीतली त्यांची खुर्ची, जी मी भिंतीला लावून ठेवते, ती खिडकीकडे वळलेली असते. मक्याच्या शेताकडे तोंड करून. आई बसायच्या तशी.

आधी मला वाटलं विनीता. तिला विचारलं तर म्हणाली, "आय नेव्हर गो इन देअर, आई." खरंच जात नाही ती. मार्चमध्ये आजी गेल्यापासून त्या दारावरून जातानाही पळत जाते, आणि तिची स्वतःची खोली तर त्याला लागूनच.

तुम्ही म्हणाल, मनाचे खेळ. असतीलही. एप्रिलात तुम्ही तिकडे इलिनॉयला शॉमबर्गची नोकरी धरलीत, जूनपर्यंत महिन्याला येत होतात, मग तेही बंद केलंत. घर विकून तिकडे यायला मी नाही म्हटलं, ते मनात धरून बसला असाल तर बसा. मुलीची शाळा मी मोडणार नाही. पण इतके दिवस एकटीने घर सांभाळल्यावर मला एवढं तरी कळतं, की तांब्या आपोआप पालथा होत नाही.

फोनवर विचारलं असतं, पण विनीता वरच्या फोनला कान लावून असते. तिला यातलं काही कळू द्यायचं नाहीये. तेव्हा रविवारी बोलता बोलता नुसता नंबर सांगा, मी समजेन.

हे पत्र एका बैठकीत झालेलं नाही. ऑफिसातून आले की चार ओळी लिहायच्या आणि कुकर लावायला उठायचं. पॅड आपलं टेबलावर फळांच्या वाडग्याखाली पडून असतं. तुम्ही राहता त्या विवेकच्या पत्त्यावर पाठवतेय. त्याला म्हणावं, तुमच्या खोलीतल्या पसाऱ्यात हरवू नको.

मृणालिनी


२ ऑक्टोबर

विनीताच्या बाबांना,

नंबर मिळाला. सहा!

अहो, सहा नंबर फेझंटचं काडतूस आहे, ते मलाही माहीत आहे. आपल्या गॅरेजमध्ये तुम्ही त्या पक्ष्यांची पिसं काढत बसायचात आणि आई नाकाला पदर लावून आत जायच्या. आपल्या घरात फेझंट शिरलेला नाही. गेल्या वर्षी तुम्हीच पाहुण्यांना छाती ठोकून सांगत होतात, "घरात कोणी शिरलं तर डबल ऑट, ते दोन शून्यंवालं. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही." आता बायको विचारते तर पक्ष्यांचे छर्रे!

फोनवर तुमचा आवाज बसल्यासारखा वाटला. मागून ट्रकचे आवाज येत होते. खिडक्या लावून झोपत जा.

आता जे लिहिते ते वाचून घाबरू नका, कारण मी घाबरले आहे आणि एका घरात एकाने घाबरलेलं पुरे. काल संध्याकाळी मागच्या पायरीवर कागदी बशीत भात होता. दही घातलेला, वर काळे तीळ. भात माझाच, परवाचा, फ्रीजमधल्या डब्यातला. तीळही माझ्या बरणीतले. कठड्यावर दोन कावळे बसले होते आणि मी दार उघडलं तरी उडाले नाहीत.

पितृपंधरवडा सुरू झालाय हे माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं. कॅलेंडर काढून पाहिलं तेव्हा कळलं. आईंचं हे पहिलं वर्ष. तुम्ही तिकडे काही केलंत की नाही, मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. आणि इथे पायरीवर भात ठेवलेला.

या रस्त्यावर आपलं एकच घर आहे. कावळ्याला भात ठेवायचा असतो हे इथे कोणाला ठाऊक असणार? बाकीचे कावळ्यांना हाकलायला शेतात बुजगावणी उभी करतात. मग ठेवला कोणी? मी नाही, विनीता नाही, आणि तुम्ही शॉमबर्गला.

मी आईंच्या खोलीत गेले. त्यांच्या फोटोपुढे उदबत्तीची राख पडलेली होती. हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "आई, तुम्ही असाल तर असा. पण पोरीला घाबरवू नका." काय करणार? मला दुसरं काही सुचेना.

सहा नंबर मी भरणार नाही. आईंच्यावर तर काहीच झाडायचं नाहीये मला.

मृणालिनी


१५ ऑक्टोबर

विनीताच्या बाबांना,

आई नाहीत. कोणी पुरुष आहे.

गेल्या आठवड्यात पाऊस पडून गेला, म्हणून कळलं. मागच्या अंगणात चिखलात पावलं उठली होती. मक्यातून निघून सरळ मागच्या दारापर्यंत. मोठ्या बुटांची. मी लुट्झबाईंना फोन केला. तुम्हाला आठवतंय ना, शेताच्या पलीकडे राहतात, नवऱ्याबरोबर बदकं मारायला जायच्या त्या. सत्तरीच्या आहेत, पण आल्या त्या गमबूट घालून, तरातरा.

पावलांच्या कडेकडेने चालत त्या पायरीपर्यंत गेल्या. मग खाली वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. मला जवळ बोलावलं. बूट पायरीपर्यंत आले होते, तिथे शेजारी शेजारी उभे राहिले होते. टाचा दाराकडे, पुढचं टोक अंगणाकडे. आत स्वयंपाकघरात चिखलाचा एक ठिपका नव्हता.

"तो बूट काढून आत जातो," लुट्झबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "माझ्या आयुष्यात मी असा चोर ऐकला नाही. हनी, हा चोर नाही. हा कोणीतरी वेगळाच आहे."

त्यांनीच शेरिफच्या माणसाला बोलावलं. तरुण पोरगा. कुलूप बघितलं, खिडक्या बघितल्या. काही फोडलेलं नाही म्हणाला. किल्ली अजून कोणाकडे आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याकडे, पण ते इलिनॉयला असतात. त्याने वर माझ्याकडे पाहिलं, वहीत काहीतरी लिहून गेला.

मग लुट्झबाईंनी मला बसवून शिकवलं. तुमची बारा बोअरची बंदूक वर आणली, तळघरातली तीन खोकी टेबलावर मांडली आणि प्रत्येकातलं एकेक काडतूस माझ्या हातात दिलं. हरणाचा गोळा हातात घेतला तर वजनानेच कळतो. ओहायोत हरणाला कायद्याने रायफल चालत नाही, म्हणून या बंदुकीतून हा गोळा झाडायचा. बाई म्हणाल्या, घरात हा कधी भरायचा नाही. मी विचारलं, का? तर त्या उठल्या आणि आईंच्या खोलीच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली. पोकळ वाजली.

"ही भिंत नाही, पुठ्ठा आहे," त्या म्हणाल्या. "गोळा ही भिंत फोडेल, ती खोली ओलांडेल, पलीकडची भिंत फोडेल. पलीकडे कोण झोपतं?"

विनीता झोपते.

"तर मग बंदूक उचलायच्या आधी एकच विचार करायचा. समोर कोण आहे हे नंतर. मागे कोण आहे ते आधी."

आठ नंबर त्यांनी बाजूला सारलं. जवळून लागलं तर लागलं, पण जाड कोट घातलेला माणूस तेवढ्याने थांबेलच असं नाही, आणि अर्धवट दुखावलेला माणूस फार वाईट, असं त्यांचं म्हणणं. शेवटी डबल ऑट ठरलं. तेही भिंतीतून जातं, म्हणून कुठे उभं राहायचं ते त्यांनी दाखवलं. स्टोव्हला पाठ लावून, तोंड मागच्या दाराकडे. म्हणजे गेलंच तर मक्यात जाईल.

बंदूक आता वरच्या कपाटात, मोठ्या पातेल्यांच्या मागे आहे. विनीताचा हात पोचत नाही. कुलूप बदलायला माणूस सांगितलाय, तो आज येतो, उद्या येतो करतोय. पोळ्या लाटताना मधेच थांबून मी दाराकडे बघते.

तुम्ही इथे असायला हवे होतात. हे मी रागाने म्हणत नाहीये. तुम्ही इथे हवे होतात.

मृणालिनी


४ नोव्हेंबर

विनीताच्या बाबांना,

डबल ऑट काढून आठ नंबर भर, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मी ऐकलं नाही. तुम्ही बाराशे गोष्टी सांगता आणि एकही करायला इथे नसता, तेव्हा ऐकायचं कोणाचं, जवळच्या बाईचं की लांबच्या नवऱ्याचं?

पण आता जे झालंय ते मला कोणालाच सांगता येत नाहीये.

काल लुट्झबाई आल्या होत्या. बंदूक भरलेली ठेवायची तर मधूनमधून रिकामी करून पाहावी लागते, ते दाखवायला. मी पातेली बाजूला केली, बंदूक त्यांच्या हातात दिली. त्यांनी नळीखालचा पंप मागे ओढला, एकेक काडतूस टेबलावर पडत गेलं. त्यांनी एक उचललं, चष्मा वर केला, बाजूवरचा नंबर वाचला.

"आपण तर डबल ऑट भरलं होतं."

सगळी आठ नंबरची होती.

मी स्वतः भरली होती. त्या माझ्याशेजारी उभ्या होत्या. आम्ही तळघरात जाऊन खोकं पाहिलं. डबल ऑटची काडतुसं परत त्यांच्या खोक्यात, नीट, एकाला एक लावून ठेवलेली. पातेलीसुद्धा जशीच्या तशी, मोठ्यात लहान.

लुट्झबाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "हा माणूस घरात येतो, बूट काढतो, तुझी बंदूक शोधतो. ती नेत नाही, तुझ्यावर रोखत नाही. आतली काडतुसं बदलून ठेवतो. आणि जातो. मला जर कोणी हे सांगितलं असतं ना, तर मी त्यालाच डॉक्टरकडे नेलं असतं." त्या मला त्यांच्याकडे राहायला चल म्हणत होत्या. मी नाही म्हटलं. घर सोडून गेले तर घर त्याचंच होईल असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं.

विनीताला विचारलं. तिने बंदूक कुठे आहे हेसुद्धा पाहिलेलं नाही. उलट तिनेच मला विचारलं, "आई, आर यू सिक?" मी आरशात पाहिलं तर खरंच आजारी माणसासारखी दिसते.

कुलूपवाला अजून फिरकलेला नाही. मका कापून झाला. आता खिडकीतून लांबपर्यंत सगळं मोकळं दिसतं, आणि मला वाटलं होतं की त्याने बरं वाटेल. वाटत नाही. मका असताना तो कुठून येतो हे दिसत नव्हतं. आता सगळं दिसतं आणि तरीही कोणी दिसत नाही.

आठ नंबरच राहू दिलंय. तुम्ही म्हणता तर तसं. कंटाळले मी.

मृणालिनी


२१ नोव्हेंबर

दिगंबर,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. टेबलावर ठेवतेय, वाडग्याखाली. तुम्ही ते बसून वाचा, खुर्ची ओढून घ्या, कारण जरा मोठं आहे.

परवा दुपारी मी ऑफिसातून लवकर निघाले. अंगात कणकण होती. गाडी पुढे लावली आणि किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन सवयीने घराला वळसा घालून मागे गेले, पावलं आहेत का बघायला. पायरीवर बूट होते.

पावलं नाही, बूट. शेजारी शेजारी, टाचा दाराकडे. मी पळून जायला हवं होतं, लुट्झबाईंनी तसंच सांगितलेलं. पण मला इतका संताप आला होता, की माझ्या घरात, माझ्या मुलीच्या भिंतीला भिंत लागून कोण बसतं ते मला बघायचं होतं. मी पुढच्या दाराने आत गेले, चपला काढल्या, पातेली एकेक करून खाली ठेवली. आवाज होऊ दिला नाही. बंदूक घेतली.

आईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत खुर्ची करकरली. मी स्टोव्हला पाठ लावून उभी राहिले नाही. मी त्या भिंतीसमोर उभी राहिले, जिच्यापलीकडे खुर्ची आहे. खुर्चीची पाठ भिंतीला किती जवळ येते हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. पलीकडे विनीताची खोली, आणि विनीता शाळेत. मागे कोण आहे ते आधी, असं बाई म्हणाल्या होत्या. मागे कोणी नव्हतं.

आता तुम्हाला एक सांगते. बंदुकीत आठ नंबर नव्हतं.

मी खोटं लिहिलं होतं. लुट्झबाई गेल्यावर मी सगळी काडतुसं काढली आणि हरणाचे गोळे भरले. पत्रात लिहिलं, आठच राहू दिलंय. तुमच्याशी खोटं बोलायचं नव्हतं हो मला! माझं पेन मी पॅडच्या उजवीकडे ठेवते, आणि दोनदा ते मला डावीकडे सापडलं होतं. मला वाटलं, जे घरात फिरतं ते माझी पत्रं वाचतं. त्याला फसवायला लिहिलं मी ते. डावीकडे पेन ठेवणारा माणूस माझ्या माहितीत एकच होता, आणि तो शॉमबर्गला होता.

तर मी चापावर बोट ठेवून उभी होते. मधे ती पुठ्ठ्याची भिंत.

आणि तुम्ही खोकलात.

दोन वेळा, आणि मग घसा साफ केलात, तुमचं ते ठरलेलं, आईंना राग यायचा तसं. तेरा वर्षं मी तो खोकला ऐकतेय. माझ्या हातातून बंदूक पडली नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी ती हळूच खाली केली, तशीच मागे सरकत पुढच्या दाराने बाहेर आले, चपला हातात घेऊन गाडीत बसले आणि निघाले. डिक्कीत बंदूक, अंगात ताप. शेताच्या कडेच्या चर्चच्या मागे तुमची गाडी दिसली. मागच्या सीटवर ब्लँकेट, उशी, टांगलेले शर्ट. सगळं समजलं आणि तरी समजेना.

घरी येऊन विवेकला फोन केला. आधी तो गडबडला.

"वहिनी, दिगंबर? तो तर जुलैतच गेला इथून. जॉब गेला ना त्याचा. त्याने सांगितलं नाही?"

मी म्हटलं, मग माझी पत्रं?

"ती इथेच आहेत सगळी, ड्रॉवरमध्ये. एकही उघडलेलं नाही. मला वाटलं तो घरीच आलाय. मग तो घरी, आणि तुम्ही पत्रं इथे पाठवताय... म्हटलं हे काय चाललंय यार? पण नवराबायकोच्या मधे कसं बोलायचं? सॉरी वहिनी."

एकही उघडलेलं नाही. आणि तुम्ही तर दर रविवारी उत्तर देत होतात. नंतर मला आठवलं, ४ तारखेचं पत्र मी पाठवलंच नव्हतं. दिवाळीच्या गडबडीत स्टॅम्प आणायचे राहिले आणि ते वाडग्याखालीच पडून होतं. पण दहा तारखेला तुम्ही फोनवर म्हणालात, "आठ ठेवलंस ते बरं केलंस. खरं तर तेही काढून टाक. नुसता पंप ओढला तरी आवाजाने पळतो माणूस." मी हो हो म्हणत राहिले. पत्र माझ्यासमोर होतं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पहिल्यांदा सहा, मग आठ, मग काहीच नको. ज्याने गेल्या दिवाळीत सगळ्यांना डबल ऑट सांगितलं, तो माणूस दर खेपेला छर्रा बारीक करत गेला. कारण ते कोणाला लागणार आहे हे त्याला ठाऊक होतं.

तुम्ही बूट बाहेर काढलेत, अंघोळ केलीत, आईंना उदबत्ती लावलीत, भात ठेवलात. चोरून आलात आणि तरी घरची सगळी रीत पाळलीत. हे मी विवेकला सांगताना रडत होते आणि हसतही होते. पण दिगंबर, मी दोन महिने भुताशी बोलले आहे. तुमची मुलगी दारावरून पळत जाते आणि मला विचारते, आई, तू आजारी आहेस का? आणि तुम्ही ते सगळं इथे, या टेबलाशी बसून वाचत होतात! मी लिहिलं होतं, तुम्ही इथे हवे होतात. तेही वाचलंत ना? वाचून पेन डावीकडे ठेवलंत, बूट घातलेत आणि मक्यातून निघून गेलात.

नोकरी जाते. सगळ्यांच्या जातात. मला सांगायला लाज वाटली, हे मी समजू शकते. माझ्या हातून तुम्ही मेला असतात, हे मला समजून घेता येत नाही. मी झाडली असती. खोकला आला नसता तर मी झाडली असती, आणि तुमच्या पाठीमागे पुठ्ठ्याशिवाय काही नव्हतं. मग विनीताला मी काय सांगितलं असतं? तुझ्या बाबांना मी ओळखलं नाही?

तुम्ही मला हवे आहात. नोकरी असो, नसो. विनीतालाही हवे आहात, ती रविवारी दुपारपासून फोनच्या आसपास घुटमळते, ते तुम्हाला फोनवर दिसत नाही. गाडीत झोपायचे हे दिवस नाहीत, लवकरच बर्फ पडेल. पण लपून माझ्या मागे माझं घर वापरणारा, माझ्या बंदुकीतली काडतुसं मला न सांगता बदलणारा माणूस मला नको. त्या माणसाची मला दोन महिने भीती वाटली आहे आणि अजून वाटते, नाव कळलं तरी.

बंदूक आता पातेल्यांमागे नाही. तिच्यात काय आहे ते लुट्झबाईंनाही सांगितलेलं नाही. शोधू नका.

रविवारी फोन करू नका. पुढच्या दाराशी या आणि बेल वाजवा. विनीता दार उघडेल.

मागच्या दाराने जो येईल, तो कोण आहे हे मी आता बघत बसणार नाही.

मृणालिनी